गुन्हा मनुष्याचा की जातीचा?



पिंपळगाव बसवंत येथील बाजार समितीच्या आवारात कांद्याचे लिलाव चालू असता कोणी अर्धा तास स्वस्थ उभा राहील, तर त्यास आपल्या जिल्ह्याचे लहानसे चित्र एकाच जागी पाहावयास सापडेल. निफाड तालुक्यातील शेतकरी ट्रॅक्टर भरून आलेला असतो. हमाल व मापारी आपापल्या कामात गढलेले असतात. परप्रांतांतून आलेले व्यापारी भाव बोलत असतात. पेठ व सुरगाणा ह्या भागांतून द्राक्षांच्या कामास आलेली कोकणा, वारली व महादेव कोळी कुटुंबे आठवड्याचा बाजार करावयास उतरलेली असतात. आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेस, मोकळ्या जागी, पाल ठोकून राहिलेली काही भटकी माणसेही त्याच गर्दीत हिंडत असतात. ही सर्व माणसे एकाच बाजारावर जगतात. परंतु त्या गर्दीत एखाद्याचा खिसा कापला गेला, असे आपण घटकाभर समजू. कोणी काही पाहिलेले नाही, कोणास काही ठाऊक नाही. तरी पुष्कळांची नजर एकाच दिशेस वळते. ती दिशा पालांची होय.

ह्या नजरेविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. कारण मी जेव्हा तिच्याविषयी विचार करू लागलो तेव्हा प्रथम मला दुसऱ्या कोणाची नव्हे, तर माझी स्वतःची नजर आठवली.

माझ्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत मी दुसऱ्या एका तालुक्यात लहानशी मंडळी सांभाळीत होतो. मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूच्या विहिरीवरील पाण्याची मोटर एका रात्रीत नाहीशी झाली. गहू भरणीस आला होता. मोटर गेल्याने त्या घरावर मोठाच प्रसंग आला. त्या बंधूसोबत मी पोलीस चौकीत गेलो. तेथील हवालदाराने विचारले, “संशय कोणावर?” बंधू गप्प राहिले, कारण त्यांनी कोणास पाहिले नव्हते. तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, “ओढ्यापलीकडे आठ दिवसांपासून पारध्यांची पालं पडली आहेत.” एवढेच मी बोललो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पालांतील दोघा तरुणांस धरून नेण्यात आले. तीन दिवस त्यांस ठेवले, आणि त्या तीन दिवसांत त्यांस मार बसला. बारा दिवसांनी मोटरीचा पत्ता एका भंगारवाल्याकडे लागला. ती विकणारा त्या बंधूचाच पुतण्या होता. मग काय झाले, ते नीट ऐका. घरातील चार मोठी माणसे बसली, मुलगा रडला, “पोरवय आहे, चुकला” असे सर्वांनी म्हटले, तक्रार मागे घेण्यात आली, आणि पुतण्या पुढच्या रविवारी उपासनेस आला. त्यास क्षमा मिळाली ह्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट ह्याचे वाटते की, त्या दिवशी आम्हांपैकी कोणासही ओढ्यापलीकडे जावे असे सुचले नाही.

तीन आठवड्यांनी मी गेलो. पालं उठत होती. त्या दोघांपैकी एकाची आई तेथे होती. मी तिला म्हणालो, “आजी, माझ्यामुळे तुमच्या मुलावर हा प्रसंग आला. मला क्षमा करा.” ती दोरी गुंडाळीत होती. न थांबता ती म्हणाली, “बाबा, तुम्ही काय खोटं बोलला? आम्ही कुठं राहतो तेवढंच सांगितलं. आमचं तेवढं सांगितलं की पुरतं.”

वाचकहो, ह्या वाक्यात एक कठीण प्रश्न आहे. मनुष्य खोटे न बोलताही खोटी साक्ष देऊ शकतो काय? मी खरे बोललो होतो, तरी माझ्या खऱ्या शब्दांनी दोघा निरपराध्यांस मार बसला. त्याचे कारण असे की, मी तथ्य सांगितले नव्हते. मी तथ्याच्या रूपाने एक समजूत सांगितली होती. चौकीत बसलेल्या मनुष्याच्या मनात तीच समजूत आधीच होती, म्हणून माझे अर्धे वाक्य त्यास पुरले. पुतण्याचा गुन्हा पुतण्याचा ठरला. परंतु पारध्यांच्या न केलेल्या गुन्ह्याचा दोष सबंध पालांवर गेला. एकास आम्ही मनुष्य म्हणून पाहिले, दुसऱ्यास जात म्हणून. अन्याय येथे जन्मतो. न्यायालयाची पायरी फार पुढे आहे.

ही समजूत कोठून आली? ती काही आभाळातून पडली नाही. तिला जन्म देणारा एक लेखी कायदा होता. सन १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या काळच्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो व सुताराचा सुतार, त्याप्रमाणे चोराचा मुलगा चोर होतो. म्हणजे गुन्हा हाही एक वंशपरंपरागत धंदा आहे. प्रथम हा कायदा उत्तरेकडील प्रांतांस लागू होता. १९११ मध्ये तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची तरतूद झाली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. ज्या जमातीचे नाव सरकारी जाहीरनाम्यात आले, तिच्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. असे करण्यास त्या मनुष्याने काही अपराध केलेला असण्याची गरज नव्हती. त्याने जन्म घेतला एवढे पुरे होते.

काही जमातींस काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवण्यात आले. आपल्या प्रांतात सोलापूर येथे अशी मोठी वसाहत होती. येथे मला एक गोष्ट संकोच न करता सांगितली पाहिजे. ह्या वसाहतींच्या कारभारात आपल्या मिशनांचाही हात होता. साल्व्हेशन आर्मीने अनेक प्रांतांत अशा वसाहती चालविल्या, आणि सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. तेथे शाळा चालल्या, हातांस काम मिळाले, पुष्कळांची मुले लिहावयास शिकली. ह्याबद्दल त्या सेवकांचे श्रम कोणी तुच्छ लेखू नयेत. परंतु त्या शाळेच्या भोवती कुंपण होते आणि मुलगा त्या कुंपणाच्या आत का आहे, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला नाही. चांगले काम करणाऱ्या माणसांनी वाईट समजुतीच्या आत राहून चांगले काम केले. हा धडा आपल्या घरातला आहे, म्हणून तो आपण विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून ह्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात. परंतु कायदा एका दिवसात रद्द होतो, समजूत होत नाही. त्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. आपल्या मुंबई राज्यात असा कायदा १९५९ मध्ये झाला. नव्या कायद्याने जातीचे नाव घेतले नाही, व्यक्तीचे घेतले. हा मोठा फरक होय. तथापि सराईत कोण, हे ज्याच्या हाती ठरविणे होते त्याची नजर जुनीच राहिली. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने साहित्य अकादमीने गौरविली. आपल्या मराठी भाषेत ह्या नजरेखाली वाढलेल्या मुलांनी स्वतः लिहिलेली ही पुस्तके आहेत. ज्या उपदेशकबंधूंस ती मिळतील त्यांनी ती अवश्य वाचावीत. आणि किती काळ ही समजूत कागदावर टिकली ते पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापर्यंत अनेक राज्यांच्या तुरुंगांच्या नियमावलींत जातीप्रमाणे कामे वाटण्याच्या तरतुदी होत्या. अमुक जातीच्या बंद्याने झाडावे, तमुक जातीच्याने रांधावे, आणि विमुक्त जमातींस जन्मतः सराईत समजावे, असा त्यांचा आशय होता. एका महिला पत्रकाराच्या अर्जावरून न्यायालयाने ह्या तरतुदी घटनाविरुद्ध ठरविल्या. म्हणजे जुना कायदा गेल्यावरही ७२ वर्षे त्याची सावली तुरुंगाच्या भिंतीवर राहिली होती.

कोणी म्हणेल, दोन-तीन दिवसांच्या माराची गोष्ट एवढी मोठी का करावी? त्यास मी आणखी एक वृत्त सांगतो. सन २००३ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात शेतातील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. एका कुटुंबातील माणसे मारली गेली व घरातील स्त्रियांवर घोर अत्याचार झाला. गुन्हा भयंकर होता. त्याबद्दल दुमत होणार नाही. ह्या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा मजुरांस पकडण्यात आले. २००६ मध्ये त्यांस फाशीची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, परंतु एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी कायम केली. पुढे त्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे आढळले. अखेर प्रकरण पुन्हा उघडण्यात आले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरविले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने प्रारंभीच पोलिसांकडील छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांस ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, असे दिसून आले. हे आरोपी समाजाच्या खालच्या थरातील, भटक्या जमातीतील, गरीब मजूर आहेत, आणि त्यांस खोटे गुंतविले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकास पाच लक्ष रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. परंतु सोळा वर्षे कोणता खजिना परत देईल? आणि ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यास तरी न्याय कोठे मिळाला? खऱ्या गुन्हेगाराचा शोध सुटला, तो ह्याच नजरेमुळे. ध्यानात ठेवा, बंधूंनो: जातीवर संशय घेणे हा केवळ निरपराध्याचा अपराध नव्हे, ज्याच्या घरी गुन्हा घडला त्याचाही तो अपराध होय.

आता येथे एक तुलना करू. द्राक्षांच्या हंगामात व्यापारी येतो, मळे ठरवितो, माल भरून नेतो, धनादेश देतो. आणि एके दिवशी तो पसार होतो. आपल्या निफाड, दिंडोरी व चांदवड तालुक्यांतील कित्येक शेतकऱ्यांचे लक्षावधी रुपये असे बुडाले आहेत. वर्षाचे पीक, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सर्व त्यात गेले आहे. पाण्याच्या मोटरीपेक्षा ही चोरी शतपट मोठी. अशा वेळी कोणी चिडून ‘हे परप्रांतीय असेच’ असे म्हणेलही, आणि तेही बरोबर नव्हे. परंतु त्या व्यापाऱ्याच्या जातीच्या सर्व घरांवर पहाटे धाड पडते काय? त्याच्या भावास, चुलतभावास, गल्लीतील शेजाऱ्यास धरून नेतात काय? नाही. त्याचे नाव शोधतात, त्याचे खाते शोधतात, त्याची स्वाक्षरी शोधतात. असेच झाले पाहिजे. प्रश्न एवढाच की, ज्याच्याजवळ खाते नाही व स्वाक्षरी नाही, त्याच्या बाबतीत आपण नाव का शोधत नाही? ज्याचा गुन्हा मोठा त्यास नाव असते. ज्याचा गुन्हा लहान, किंवा मुळीच नसतो, त्यास केवळ जात असते.

परंतु ह्या विषयाची दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहिल्यावाचून आपला विचार लंगडा राहील. जन्मावरून जसे संशयित ठरतात, तसे जन्मावरूनच कोणाचे दुःख ऐकावयाचे व कोणाचे नाही, हेही ठरते. सन १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांस दोषी ठरविले. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केल्याचे दिसत नाही, तेव्हा तिची संमती असावी, असे अनुमान काढले गेले. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या आत, गणवेशातील पुरुषासमोर एक निराधार मजूर मुलगी आरडाओरड करू शकते काय, हे पाहिले गेले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिले; देशभर स्त्रिया उठल्या; आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते प्रथमतः खरे धरून चालावे, असे ठरले. त्या मुलीस त्याचा लाभ झाला नाही. पुढील मुलींस झाला.

अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, खर्डा गावी एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. वरच्या मानलेल्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा त्याचा अपराध सांगितला गेला. खटला चालला, साक्षीदार एकामागून एक उलटले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले. न्यायाधीश तरी काय करील? त्याच्यासमोर जे येते त्यावर तो निकाल देतो. न्यायालय आंधळे आहे असे म्हणतात. पण आंधळ्यास हात धरून नेणारा साक्षीदार हवा असतो. ज्याचा हात कोणी धरीत नाही, त्याचा न्याय दाराबाहेर राहतो.

येथे विचारी वाचक आक्षेप घेईल. तो म्हणेल, “पाळकसाहेब, आपण प्रथम म्हणता की आरोपीची जात पाहू नये, आणि आता म्हणता की ज्यावर अन्याय झाला त्याची जात पाहावी. हे परस्परविरुद्ध नव्हे काय? न्याय सर्वांस सारखा असेल, तर अनुसूचित जाती व जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा कशाला?” आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

वैद्य रोग्याची नाडी पाहतो तेव्हा तो विचारतो, “कोठे दुखते?” तो सर्वांच्या सर्व अंगांस एकच लेप लावीत नाही. जो घाव जातीवरून घातला गेला, तो जात पाहिल्यावाचून दिसणार नाही. आरोपीची जात पाहणारा तिच्यावरून अपराध ठरवितो. जो केला की नाही हेच ठाऊक नाही, तो अपराध. पीडिताची जात पाहणारा कायदा मात्र अपराध ठरवीत नाही. झालेल्या अपराधाचे कारण शोधतो. पहिल्यात जन्म हा पुरावा होतो. दुसऱ्यात जन्म हे निमित्त होते, आणि पुरावा स्वतंत्रपणे द्यावाच लागतो. म्हणून ह्या दोहोंत विरोध नाही. दोहोंचा हेतू एकच आहे: मनुष्याच्या जन्माने त्याचा न्याय बिघडू नये.

ह्या कायद्याचा दुरुपयोग होतो, असेही म्हटले जाते. कोणत्याही कायद्याखाली खोटी फिर्याद करणे हे पाप आहे, मग करणारा कोणत्याही जातीचा असो. मार्च २०१८ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दुरुपयोगाच्या भीतीने अटकेवर बंधने घातली. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ती दूर केली, आणि पुढील वर्षी न्यायालयानेही आपले ते निर्देश मागे घेतले. काही लोक खोटे बोलतात म्हणून सर्वांचे म्हणणे खोटे धरावे, ही पुन्हा तीच जुनी समजूत झाली. माझ्या चौकीतल्या वाक्याची ती सख्खी बहीण होय.

आपल्या मंडळ्यांस ह्या कायद्याचा एक विशेष अनुभव आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला मनुष्य त्यात नाही. अनुसूचित जमातींस मात्र अशी धर्माची अट नाही. म्हणून ख्रिस्ती झालेला भिल्ल किंवा कोकणा त्या कायद्याच्या छायेत राहतो आणि त्याच्या शेजारचा ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग राहत नाही. गावाच्या लेखी मात्र त्याची वस्ती तीच, विहीर तीच, शिवीही तीच. ह्यावर राज्यकर्त्यांनी काय करावे, ह्याविषयी देशात मोठा वाद आहे व तो येथे सोडविता येणार नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, एका गावाच्या दोन घरांवर एकाच रात्री एकच घाव पडला, तरी कोण कोणत्या रकान्यात आहे त्यावरून त्यांचे दार वेगवेगळे ठरते. असे असता कित्येक बांधव कागदावर एक व मनात दुसरे असे राहतात. त्यांस दोष देणाऱ्याने आधी त्यांच्या उंबरठ्यावर एक रात्र काढावी. तथापि मी त्यांस प्रेमाने म्हणेन की, ज्यास न्याय मागावयाचा आहे त्याने खऱ्यावर उभे राहूनच तो मागावा. नाहीतर उद्या आपला खरा शब्दही कोणी धरणार नाही.

आणि शेवटी, ज्यांनी अन्याय सोसला ते स्वतः अन्याय करीत नाहीत, असे समजण्याचा मोह आपण टाकावा. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आली अशा अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांस मारून टाकले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडील होते; भिक्षा मागून पोट भरण्यास आले होते. मारणारे गरीब होते आणि मरणारेही गरीब होते. अफवा मोबाईलवरून आली होती, परंतु ‘भटका म्हणजे चोर’ ही समजूत मोबाईलहून फार जुनी. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील मालेगावी अशाच अफवेवरून जमावाने घेरलेल्या एका कुटुंबास पोलिसांनी वाचविले, हेही सांगितले पाहिजे. कारण गणवेश घातलेला प्रत्येक मनुष्य निष्ठुर असतो, ही समजूतदेखील समजूतच होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच अथवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनास वेगळे कलम आहे. कायदा झाला हे चांगले. परंतु बाजारात गर्दी जमू लागली असता तिच्यात जो पहिला मनुष्य “थांबा, ह्यांचे नाव तर विचारा” असे म्हणेल, तो कायद्याहून लवकर पोहोचेल.

तेव्हा आपण काय करावे? उपदेशकबंधूंनो, हे आपल्या आवाक्यातले काम आहे, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

साक्ष देताना जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. “संशय कोणावर” असे विचारले असता, पाहिले नसेल तर “पाहिले नाही” असे म्हणण्यास लाजू नये. हे उत्तर अपुरे वाटते, पण ते पूर्ण आहे.

ज्यास धरून नेले त्याच्या मागे कोणीतरी जावे. अटक झालेल्या मनुष्यास चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, अशी आपल्या घटनेची आज्ञा आहे. त्याच्या नातेवाइकास अटकेची खबर मिळाली पाहिजे. हे ज्ञान वकिलापुरते ठेवू नये. मंडळीतील प्रत्येक तरुणास ते पाठ असावे.

ज्यास पैसा नाही त्यास मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेला कोणीही ह्यास पात्र आहे. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. अर्ज लिहून देणारा हात मात्र लागतो. आपणांपैकी पुष्कळांस लिहिता येते. ते ह्याचसाठी आले असे समजावे.

आणि ज्याने पाहिले आहे त्याने उलटू नये. त्याच्यावर दडपण येईल, उसनवारी थांबेल, मजुरी बंद होईल. म्हणून त्यास एकट्याने न्यायालयात पाठवू नये. मंडळीतील पाच जणांनी त्याच्याबरोबर बाकावर जाऊन बसावे. साक्षीदाराचे धैर्य पुष्कळदा त्याच्या शेजारी कोण बसले आहे ह्यावर टिकते.

द्राक्षांचा हंगाम येईल तेव्हा आपल्या गावांच्या कडेस पुन्हा पालं पडतील. त्या वेळी काही चोरी झाली किंवा न झाली, तरी आधीच कोणीतरी जाऊन त्या माणसांची नावे विचारून यावे, एवढीच माझी विनंती आहे. ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे त्याच्याविषयी अर्धे वाक्य बोलणे कठीण जाते.

हे मी मोठ्या अधिकाराने सांगत नाही. त्या दिवशी ओढ्यापलीकडे मी क्षमा मागावयास गेलो, त्या आजीशी बोललो आणि परत आलो. तिच्या मुलाचे व त्याच्याबरोबर मार खाल्लेल्या दुसऱ्या तरुणाचे नाव मी विचारले नाही. आजही मला ती नावे ठाऊक नाहीत.

आपला सेवक,
एक पाळक, पिंपळगाव बसवंत